एक नमुना न धुतलेला

कापडी डायपर धुणे ही शास्त्रीयदृष्ट्या अत्यंत साधी गोष्ट आहे. हे वाक्य मी तीन महिन्यांपूर्वी, पूर्ण शुद्धीत, सासूबाईंसमोर उच्चारलं होतं. त्या मेथी निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मेथी निवडायला घेतली. त्या न बोलण्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. पण मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. आहे. न बोललेल्या गोष्टी मोजायचं उपकरण आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

परिस्थिती थोडक्यात अशी होती. खुशी, म्हणजे माझी मुलगी, सात महिन्यांची. माझी रजा संपलेली. घर अमरावतीला, नोकरी अकोल्याला, माती आणि पाण्याच्या परीक्षणाच्या एका लहानशा प्रयोगशाळेत. बदलीचा अर्ज केलेला, आणि तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, माझ्यापेक्षा आरामात प्रवास करत असलेला. "अपडाऊन कावून नाई करत तुमी?" असं मला दूधवाल्यापासून बालरोगतज्ज्ञांच्या कंपाउंडरपर्यंत सगळ्यांनी विचारून झालं होतं. केलं की अपडाऊन. बारा दिवस केलं. निघताना खुशी झोपलेली असायची आणि परतल्यावर झोपलेली असायची. बारा दिवसांत मी तिला एकूण अडीच तास जागी पाहिली, आणि त्यातला पाऊण तास ती पंख्याकडे पाहत होती. तेव्हा मी अकोल्याला एक खोली घेतली. सोमवारी सकाळी जायचं, शनिवारी सकाळी यायचं.

आता खुशीचं जेवण सासूबाईंकडे, आंघोळ सासूबाईंकडे, झोप सासूबाईंकडे. फिरवणं आमच्या गोपालकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, त्याची नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यातली शिफ्ट संपली की. मी नीट यादी करून पाहिली, तर ज्यावर कुणी हक्क सांगणार नाही असं एकच काम उरत होतं. धुणं. ते मी उचललं. लोक प्रेमात कविता करतात म्हणे. मी चोवीस-चोवीस कापडी डायपरांचे दोन संच मागवले, वर एक जास्तीचा.

ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: बाहेर टिचबटनांचं, ओल बाहेर येऊ न देणारं एक कव्हर असतं आणि आत पाणी शोषणारं जाड पॅड. दिवसाला शू झालेले चार, सहा दिवसांचे चोवीस; एक संच खुशीच्या अंगावर, दुसरा धुण्यात. शी झालेले अमरावतीतच धुऊन पुन्हा वापरायचे. फक्त शू झालेले पॅड न खंगाळता, जाळीच्या टोपलीत कोरडे ठेवायचे, आणि सोमवारी मी ते पिशवीत घालून अकोल्याला नेऊन पद्धतशीर धुऊन शनिवारी परत आणायचे. चौकशी करणाऱ्यांसाठी सांगते, हो, मला माहीत होतं की अमरावतीलाही पाणी आणि साबण मिळतो.

या सगळ्याची चौदा कलमं मी कागदावर लिहिली, प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि न्हाणीघराच्या भिंतीवर चिकटवली. सासूबाई चष्मा लावून ती वाचायला उभ्या राहिल्या. त्यांचं नाव पार्बताबाई, माहेर शेंदूरजनाघाटचं, संत्र्याच्या बागेतलं. सहावीपर्यंत शिकलेल्या आहेत आणि ती सहावी त्यांना आमच्या घरात आजवर पुरून उरली आहे.

"सातवं कलम," त्या म्हणाल्या, "'पॅडला मऊपणा आणणारे कोणतेही सुगंधी द्रव लावू नये.' बरं. अकरावं, 'सूर्यप्रकाशात किमान चार तास.' बरं. हे पेपर कोन तपासनार हाये वं, मैथिली?"

"तपासायचं नाही आई, पाळायचं."

"आमी गोपालले जुन्या पातळाचे लंगोट बांधले. फाडले, बांधले, धुतले, झालं. त्याले काही कलम नव्हते." त्यांनी गोपालकडे पाहिलं. "म्हणून असा निंघाला असंन."

गोपाल कापडाच्या धंद्यातला असल्यामुळे त्याला मत होतंच. त्याने एक पॅड हातात घेऊन दोन बोटांत चोळलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाला, "माल बरा आहे. शोषण चांगलं राहील." एवढं बोलून तो शिफ्टला गेला.

पहिल्या सोमवारी पिशवी भरून मी बडनेऱ्याला गाडीत बसले. घरातून निघताना माझी पिवळी सुती ओढणी शोधली, ती सापडली नाही. उशीर होत होता, तशीच निघाले. समोरच्या बाकावर पानाफुलांची मोठी टोपली घेऊन एक बाई बसल्या होत्या. मूर्तिजापूरला उतरणाऱ्या, दर सोमवारी याच डब्यात असणाऱ्या दुर्गाबाई. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी त्यांनी दोनदा नाक ओढलं, आपल्या टोपलीचा वास घेतला, शेजारच्या काकांचा घेतला आणि मग माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे बोट केलं.

"बाई, या थैलीत काही मेलं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "बाळाचे कपडे आहेत. धुवायला नेते आहे."

"कुठी?"

"अकोल्याला."

दुर्गाबाईंनी पिशवी नीट न्याहाळली. मग शेजारच्या काकांना म्हणाल्या, "अमरावतीचं पानी सरलं वाटते."

सगळा डबा हसला. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. खरं सांगायचं तर तो वास मला वाईट वाटत नव्हता. तीव्र होता, शंका नाही. अमोनियाच तो. पण त्याच्या खाली कुठेतरी पावडर, तेल आणि मऊ भाताचा असा एक वास होता, जो जगातल्या दुसऱ्या कुठल्याही पिशवीला येत नव्हता.

अकोल्याच्या घरमालकीण मनकर्णाबाई. वयाने सत्तरीच्या, मनाने पोलीसपाटील. नळ आला तर नळाचं पाणी, नाही तर बोअरचं, अशी तिथली व्यवस्था. आणि नळ कधी येणार हे नळालाच ठाऊक. बोअरचं पाणी इतकं जड की बाळाचा साबण त्यात फेस करण्याऐवजी दह्यासारखा फुटला. पॅड वाळले ते भाजलेल्या पापडासारखे. मनकर्णाबाई गच्चीवर आल्या, दोरीवरचं एक पॅड त्यांनी बोटाने वाजवून पाहिलं. वाजलं.

"कायचे हाये हे? आरतीचे टाळ?"

मी समजावलं. पाण्यातले कॅल्शियमचे क्षार, साबणाशी त्यांची अभिक्रिया, तयार होणारा अविद्राव्य साका. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पानी खराब हाये, असंच ना? मंग तसं म्हन ना. आनि हे पाय, दिवस बुडायच्या आत काढत जाजो दोरीवरून. लेकराचे कपडे तिनसांजेले बाहेर ठेवत नाई."

"मावशी, त्याला काही शास्त्रीय आधार नाही."

"आधार नसंन. पन मी हाये."

मी साडेपाचला पॅड काढत गेले.

पाण्याचा प्रश्न मात्र सोडवायलाच हवा होता. आमच्या प्रयोगशाळेत डिस्टिल्ड वॉटर बनतं, आणि दर आठवड्याला थोडं जास्तीचं सांडून द्यावं लागतं. त्यातलं वीस लिटर मी मागितलं. भांडारपाल देवानंद हे नियमाने चालणारे गृहस्थ. त्यांनी सांडायच्या पाण्यासाठीही तीन प्रतींतला फॉर्म पुढे केला. प्रत्येक प्रतीत 'प्रयोजन' असा रकाना.

"काय लिहू?" मी विचारलं.

"खरं लिहा मॅडम. पन जरा सायंटिफिक."

मी लिहिलं: 'सुती नमुन्यांतील नायट्रोजनयुक्त अवशेषांचे निर्मूलन.' यात एक अक्षरही खोटं नव्हतं. चूक फक्त एवढीच, की फॉर्मची तिसरी प्रत साहेबांकडे जाते हे मला माहीत नव्हतं. आमच्या साहेबांना निवृत्तीला चौदा महिने राहिले होते आणि तेवढ्यात काहीतरी मौलिक करून जायची त्यांची इच्छा होती. ते स्वतः माझ्या टेबलाशी आले.

"नायट्रोजन अवशेष! कापसाच्या पट्ट्यात हा विषय कुणाला सुचला नाही! महिन्याभराने सादरीकरण ठेवू. किती नमुने आहेत?"

"चोवीस," मी म्हटलं. खोटं बोलायची सवय नसली की माणूस खऱ्यातच रुतत जातो.

डिस्टिल्ड वॉटरने पॅड सुंदर निघाले. मऊ, पांढरे. फक्त त्या पहिल्या खेपेतलं एक मी धुतलं नाही. त्यावर खुशीने जेमतेम शू केली असावी. वाळून त्याला फिका, दुधाळ असा वास उरला होता. प्रत्येक प्रयोगात एक नमुना हात न लावता ठेवावा लागतो, ज्याच्याशी बाकीचे ताडून पाहता येतात. त्याला नियंत्रण नमुना म्हणतात. मी तो प्लास्टिकच्या पाकिटात घातला, चिठ्ठी लावली, तारीख घातली आणि उशीखाली ठेवला. उशीखाली का, तर खोलीत तिथे तापमान स्थिर राहतं.

दुसऱ्या आठवड्यात मला गुरुवारी एक दिवस तेल्हाऱ्याला नमुने गोळा करायला जावं लागलं. पॅड दोरीवर होते. परत आले तर ते माझ्या खाटेवर, एकावर एक, काटकोनात रचून ठेवलेले. कोपरे असे की कागद कापावा. मनकर्णाबाई दारात उभ्या होत्या, कृतकृत्य.

"चाळीस वर्सं वकिलाच्या कारकुनाची बायको होती मी. यायचे सदरे बगितले असते तू! सुती कापड असं लोळत पडलेलं मले पाहवत नाई. खळ देली, इस्तरी केली. लेकराले आता कसं ताठ वाटंन!"

खळ. म्हणजे तांदळाची पेज. म्हणजे स्टार्चचा थर, ज्याच्यावरून पाणी आत न शिरता घरंगळतं. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि आभार मानले. पुन्हा धुवायला डिस्टिल्ड वॉटर नव्हतं, फॉर्मला तीन दिवस लागत. दोन पाण्यांतून काढले, ते बोअरच्या. थोडी खळ गेली असेल असा माझा अंदाज होता. अंदाजावर विसंबणे ही माझ्या कारकिर्दीतली पहिली नोंदवण्याजोगी घसरण.

शनिवारी घरी पोचले तेव्हा गोपाल शिफ्टसाठी तयार होऊन, कडक गणवेशात, चहा पीत बसला होता. मी खुशीला स्वतः डायपर बांधला, टिचबटनं लावली, आणि तिला तिच्या बाबांच्या मांडीवर ठेवलं. दोन मिनिटांत गोपालने कप खाली ठेवला.

"मैथिली," तो शांतपणे म्हणाला, "हे शोषत नाहीये. हे वाट करून देतंय."

डांबरी रस्त्यावरून पहिल्या पावसाचं पाणी धावतं तसं ते खळीवरून धावलं होतं, गणवेशाच्या दोन्ही पायांत समसमान. गोपाल कपडे बदलायला पळाला. खुशी रडायला लागली. मी तिला उचललं. आणि ती जास्त रडायला लागली. मी थोपटलं, गाणं म्हटलं. ती मागे वळून, दोन्ही हात लांब करून, माझ्याकडे नाही, पंख्याकडे नाही, सासूबाईंकडे झेपावत होती. मी तिला त्यांच्याकडे दिलं. त्यांच्या खांद्यावर मान टाकताच ती गप्प झाली, आणि तिथून माझ्याकडे असं पाहू लागली, जसं गाडीत समोर बसलेल्या अनोळखी बाईकडे मुलं पाहतात. कुतूहलाने, सुरक्षित अंतरावरून.

"दात येऊन राह्यले तिले," सासूबाई घाईने म्हणाल्या. "म्हणून किरकिर करते."

मी हो म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन चौदा कलमं पुन्हा वाचली. कुठे चूक झाली ते त्यात नव्हतं.

त्यानंतर मी धुण्यात कसूर ठेवली नाही. तुम्ही म्हणाल, याने काय होणार होतं? मलाही माहीत नव्हतं. पण पाच दिवसांत तिच्या अंगाला माझा हात लागणार तो या चोवीस पॅडांतूनच, एवढं मी धरून बसले होते. मनकर्णाबाईंकडून शपथ घेतली की दोरीला हात लावणार नाही. त्यांनी ती फार दुखावून घेतली, आणि दोन दिवस मला "मॅडम" म्हणाल्या. चौथ्या आठवड्यात पिशवी उघडली आणि नाक लावलं. वास मुळीच नाही. माझी छाती भरून आली. पद्धत लागू पडत होती! स्वच्छ पॅडांवर जंतू टिकत नाहीत, म्हणून अमोनिया होत नाही, असं सुंदर स्पष्टीकरण मी साहेबांच्या सादरीकरणासाठी लिहूनही काढलं.

पाचव्या सोमवारी गाडीत दुर्गाबाईंनी पिशवी जवळ ओढली, नाक लावलं आणि ढकलून दिली.

"वास नाई येत आता, बाई. धंदा बंद केला का?"

"पद्धत सुधारली," मी अभिमानाने म्हटलं.

"अवं, मी पाच लेकरं वाढवले. मुताले वास येतेच. नाई आला तं ते मूत नोहे." आणि मूर्तिजापूर आल्यावर टोपली डोक्यावर घेऊन त्या उतरून गेल्या.

मी हसण्यावारी नेलं. पण बोरगाव मागे पडेपर्यंत ते वाक्य माझ्या शेजारी येऊन बसलं होतं. शास्त्रात फार चांगला निकाल आला की आधी संशय घ्यायचा असतो. हे मला शिकवायला दोन विद्यापीठं लागली होती आणि दुर्गाबाईंना मूर्तिजापूरपर्यंतचा प्रवास.

पहिला विचार भीतीचा आला. स्टेशनवर उतरूनच गोपालला फोन लावला.

"खुशीला शू होते ना रे?"

"म्हणजे?"

"होते की नाही?"

"धो धो होते. का? काय झालं?"

"काही नाही," म्हणून ठेवून दिला. मूत्रपिंडं ठीक होती. मग आता उरलं कापड.

प्रयोगशाळेत अमोनिया ओळखायचं एक द्रावण असतं. अमोनिया असला की ते पिवळं-तपकिरी होतं, नसला तर पाण्यासारखं राहतं. चोवीस पॅडांचे चोवीस तुकडे नव्हे, प्रत्येकी एक धागा, चोवीस नळ्यांत भिजवला. चोवीसही नळ्या पाण्यासारख्या. देवानंद शेजारी येऊन उभे राहिले. "वा मॅडम, शंभर टक्के निर्मूलन!"

पण द्रावणच जुनं झालेलं असेल तर? ताडून पाहायला खरोखरचा नमुना हवा. तो माझ्याकडे होता. उशीखाली, स्थिर तापमानाला.

दुपारच्या सुट्टीत खोलीवर जाऊन मी पाकीट आणलं. कात्री घेतली, ठेवली. पुन्हा घेतली. तो नमुना चार आठवडे रोज संध्याकाळी एकदा उघडून, दर्जा तपासण्यासाठी, मी नाकाशी धरला होता. वास दिवसेंदिवस कमी होत होता आणि मी तो वापरून संपवते आहे हे मला कळत होतं. शेवटी कडेचा एक चौरस सेंटिमीटर कापला. त्याहून जास्त विज्ञानाला द्यायची माझी तयारी नव्हती. पंचविसाव्या नळीत टाकला. द्रावण हळूहळू पिवळं झालं.

द्रावण उत्तम होतं. चोवीस पॅडांत या खेपेला शू झालीच नव्हती.

साहेबांचं सादरीकरण शुक्रवारी झालं. मी एकच वाक्य वाचलं: 'नमुन्यांत नायट्रोजनयुक्त अवशेष आढळले नाहीत, कारण ते मुळातच त्यात नव्हते.' साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग साहेब म्हणाले, "नकारात्मक निष्कर्ष हाही निष्कर्षच असतो," आणि चहा मागवला. मोठा माणूस.

मी मात्र तेवढी मोठी नव्हते. शनिवारी बडनेऱ्यापासून घरापर्यंत रिक्षात मी वाक्यं जुळवत होते. मला विश्वासात घेतलं नाही. माझे डायपर वापरायचे नव्हते तर सांगायचं होतं. मी तिची आई आहे. हे शेवटचं वाक्य मी तीनदा जुळवलं, आणि तिन्ही वेळा ते प्रश्नासारखं वाटलं.

सासूबाई ओट्यावर खुशीला घेऊन बसल्या होत्या. खुशीच्या कमरेला जुन्या जांभळ्या पातळाचा लंगोट होता, तिकोनी, पोटावर गाठ मारलेला. गोपाल दारात मोजे घालत होता.

"आई," मी पिशवी खाली ठेवून म्हटलं, "या डायपरांत शू नाहीये."

"कसं समजलं?"

"परीक्षा केली."

सासूबाईंनी गोपालकडे पाहिलं. "म्या म्हटलंच होतं. हे पोरगी हुडकल्याबिगर राहात नाई."

"म्हणजे तुम्ही दोघं मिळून..."

"मी फक्त चुरगाळायचो," गोपाल मोज्यात बघत म्हणाला. "आई नुसतेच नळाखाली भिजवून वाळवत होती. घडी मोडलेली दिसली पाहिजे, नाहीतर तू ओळखशील म्हटलं. कापडाचं मला कळतं." एवढं बोलून त्याने दुसरा मोजा घातला आणि त्याची शिफ्ट नसतानाही तो शिफ्टला निघून गेला.

मी उभीच होते. सासूबाई म्हणाल्या, "बस ना. त्या इस्तरीच्या डायपरानं लेकराच्या मांड्या लाल झाल्या होत्या. म्या माह्या पातळाचे लंगोट बांधले, दोन दिवसांत साफ. आता तुले सांगतलं असतं तं तू लागली असती रडाले."

"मी रडत नाही, आई."

"हो, ते तं दिसूनच राह्यलं. अवं, बंद कर म्हणून सांगाले माही जीभ नाई उचलली. इथून जाशीन तं थैली रिकामी. तिकडे त्या खोलीत पाच दिवस काय करशीन तू? तुले धुवाले काही तं पायजे ना, माय."

खाली रस्त्यावरून भाजीची गाडी गेली. मी पिशवी बाजूला सरकवून त्यांच्याशेजारी बसले.

"गोपाल चार महिन्यांचा होता तवा मी संत्र्याच्या तोडीले जात होती," त्या मग म्हणाल्या. "दिवसभर दुधानं पदर वला. माही सासू खाष्ट होती, पन सकाळी निंघताना त्याचं वापरलेलं अंगडं देये माह्याजवळ. कमरेले खोचाले. म्हणे, धुवू नको. बस एवढंच म्हणे." त्यांनी खुशीच्या लंगोटाची गाठ उगाचच पुन्हा घट्ट केली. "आता तुह्या चौदा कलमांत हे नव्हतं लिहिलेलं, म्हणून मले काही समजलं नाई, कसं सांगाव ते."

मी पर्समधून पाकीट काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. 'नियंत्रण नमुना. धुऊ नये.' एक कोपरा कापलेला. त्यांनी ते पाकीट उघडून वास घेतला, खुशीच्या डोक्याचा वास घेतला, आणि पाकीट बंद करून मला परत दिलं.

"थांब," म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात माझी पिवळी ओढणी होती. पाच आठवड्यांपूर्वी हरवलेली. ती इतकी मळली होती की पिवळी म्हणणं हे केवळ ऐतिहासिक विधान होतं. एका टोकाला चघळून चघळून धागे निघाले होते.

"हे घेतल्याबिगर झोपत नाई तुही पोरगी. पयल्या दिवशीच तुह्या खुंटीवरून काढून ठेवली म्या. धुवाले काढली का किंचाळते. पाच हप्ते पानी नाई लागू देलं. आता तू म्हणशीन, सूर्यप्रकाशात चार तास."

मी ओढणी हातात घेतली. खुशीने मान वळवली. तिने आधी ओढणीकडे पाहिलं, मग तिचे हात उठले, आणि ती सासूबाईंच्या मांडीवरून पूर्ण अंगानिशी पुढे झेपावली. माझ्याकडे नव्हे, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. ओढणीकडे. तेव्हा मी ओढणी खांद्यावर टाकली. खुशी आली, ओढणीत तोंड खुपसून, मुठीने ते चघळलेलं टोक शोधून तोंडात घालून थांबली. मग तिने हळूच मान वर केली, माझ्या हनुवटीकडे पाहिलं, पुन्हा ओढणीचा वास घेतला, पुन्हा हनुवटीकडे पाहिलं. दोन्ही गोष्टी ती ताडून पाहत होती. मी हलले नाही. असे प्रयोग घाईने होत नाहीत.

तिचं डोकं माझ्या गळ्याशी टेकलं. थोड्या वेळाने माझा कुर्ता भिजायला लागला, आधी डावीकडून, मग सगळाच. जांभळं पातळ उत्तम शोषत होतं, पण धो धोपुढे पातळ किती टिकणार.

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या, "बदलून देते."

"राहू द्या थोडं," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी निघताना त्यांनी पिशवी भरून तयार ठेवली होती. चोवीस नव्हते; सहाच होते, आणि पॅड नव्हते, जांभळ्या पातळाचे लंगोट होते. बदलीच्या अर्जाचं अजून काही कळलेलं नव्हतं. मी घातलेला कुर्ता उतरवून, न धुता, खुंटीला अडकवून आले. ओढणीला सुट्टी हवी होती. न्हाणीघराच्या भिंतीवर चौदा कलमांखाली पेन्सिलीने, सहावीच्या गोल अक्षरात, पंधरावं लिहिलेलं होतं: 'आईचे वापरलेले कापड धुऊ नये.'

गाडी बडनेऱ्याहून सुटली. दुर्गाबाई समोर होत्या. त्यांनी एकदा नाक ओढलं. मग टोपली बाजूला सरकवून पुढे वाकल्या आणि पुन्हा ओढलं, खोल.

"आला वं बाई!" त्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आला वास!"

शेजारचे काका उठून पलीकडच्या बाकावर गेले. मी पिशवी मांडीवर घेतली, तिचं तोंड जरा सैल केलं आणि मूर्तिजापूर येईपर्यंत तशीच धरून बसले.